खंडेनवमीची तपासणी

मी देवराम. सातपूरच्या एमआयडीसीत धनराजशेठच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा सुपरवायझर म्हणून. सुपरवायझर म्हणजे शेठला कामगारांचा आणि कामगारांना शेठचा वाटणारा माणूस. दोन्हीकडून शिव्या खायची सवय झाली की हे काम जमतं. मला जमलं. माझी बायको वत्सला सांगते की मी तोंडाने फटकळ पण मोजणीला पक्का. त्यातलं मोजणीचं काही खरं नाही, हे सांगायलाच मी बसलोय.

आम्ही मखमलाबादची माळी माणसं. दोन एकरांत भाजी आणि झेंडू. मी कारखान्यात अडकलेला, त्यामुळे शेत वत्सलेच्याच जिवावर. दसऱ्याच्या बाजाराला झेंडू जायचा, पण त्यातला एक वाफा ती कधीच विकायची नाही, तो कारखान्याचा. खंडेनवमीला आमच्या शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या शेडमध्ये, पूजा असायची. ज्याचं जे हत्यार ते त्यानेच धुवायचं, पुसायचं आणि त्याला हार घालायचा. लेथवाल्याने लेथला, फिटरने वाइसला, स्टोअरवाल्याने वजनकाट्याला, ऑफिसातल्या साधनाने टाइपरायटरला. मी माझ्या मायक्रोमीटरला. यंत्रांखाली पडणारा धातूचा कीस झाडणारी पुतळाबाई तिचा खराटा आणि फावडं कोपऱ्यात उभं करून त्याला हार घालायची. हार मी न्यायचे, हे पहिल्या वर्षापासून ठरून गेलेलं. आदल्या दिवशी संध्याकाळी वत्सला ओट्यावर सुईदोरा घेऊन बसायची आणि विचारायची, "किती?" मी म्हणायचो, पासष्ट.

पूजा झाली की यंत्राला हात लावायचा नाही. दसरा जाऊ द्यायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ फोडायचा आणि मगच बटण दाबायचं. वर्षभर आम्ही त्या यंत्रांना लाथा घालायचो, पान्ह्याने ठोकायचो, आईबहिणीवरून बोलायचो. पण ते दोन दिवस नाही. हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं आणि मोडायचा विचारही कोणाच्या मनात कधी आला नव्हता.

सत्त्याण्णव साल कारखान्याला वाईट गेलं. आम्ही पंपांचे सुटे भाग करायचो. ज्या मोठ्या कंपनीला ते जायचे, तिने निम्मं काम गुजरातेत वळवलं. महिन्यातले पंधरा-वीस दिवस यंत्रं चालायची, बाकीचे दिवस पुसापुशी आणि चहा. जूनपासून शेठ म्हणायला लागले की वीस-पंचवीस माणसं कमी केल्याशिवाय गत्यंतर नाही. ते वाईट गृहस्थ नव्हते. सांगताना त्यांचाच आवाज बसायचा आणि आपल्यालाच त्यांना पाणी द्यावं लागायचं.

त्याच सुमाराला सरकारच्या एका निधीची बातमी आली. ज्या कारखान्यात खरोखर काम आहे पण हात आखडलाय, तिथल्या कामगारांचा निम्मा पगार वर्षभर सरकार भरणार. अट एकच, की यादीतल्या एकालाही काढायचं नाही. मात्र आधी तपासणी. जे यंत्र बंद पडलेलं दिसेल त्यावरचा माणूस जादा ठरणार, त्याला एकरकमी काहीतरी हातावर टेकवणार आणि वर नव्या धंद्याचं शिक्षण देणार. त्या शिक्षणाची यादी मी वाचली होती. मेणबत्त्या, अळिंबी, फोटो फ्रेम. आमचा खंडेराव, बावीस वर्षं लेथवर उभा राहून पायाच्या शिरा फुगलेला माणूस, त्याला हे मेणबत्त्या ओतायला शिकवणार होते.

अर्ज गेला. तपासणी पंधरा ऑक्टोबरला होईल असं पत्र आलं. दसरा अकराला. मी म्हटलं, बरं झालं, पूजेच्या निमित्ताने सगळं झळकवून ठेवू, सरकारी माणसाला दिसू दे आम्ही यंत्रं कशी ठेवतो ते. मग काय, माझ्या अंगात आलं. दरवर्षी वरवरची धुलाई व्हायची, त्या वर्षी मी पोरं कामाला लावावीत तसे चाळिशी उलटलेले बाप्ये कामाला लावले. बुधवारी संध्याकाळी यंत्रं थांबवली आणि गुरुवारी अख्खा दिवस रॉकेल, चिंध्या, ब्रश. खाचाखोचांतला कीस तारेने टोकरून काढला. खालचे तेलाचे ट्रे उपसले. शेठकडून हिरव्या रंगाचे डबे आणवले आणि शेपरला, ड्रिलला, मिलिंगला रंग दिला. खंडेराव म्हणाला, "देवराम, नवरीला एवढी हळद लागत नाही." मी त्याला गप्प बसून घास म्हटलं.

शुक्रवारी, खंडेनवमीला, अकरा वाजता पूजा झाली. प्रसादाचे पेढे वाटून होतात न होतात तोच गेटवर जीप उभी राहिली. तपासणीच्या मॅडम पाच दिवस आधीच हजर. मुंबईच्या बाई, पस्तिशीच्या असतील, खांद्याला पिशवी, पायात साध्या चपला. त्यांनी स्वतःच सांगितलं की तारीख कळवून गेलं की सगळीकडे सगळंच चालू दिसतं, म्हणून त्या कळवलेल्या दिवशी कधीच जात नाहीत. मला बाई आवडल्या. दहा मिनिटांनी माझ्या पायाखालची जमीन सरकली तरी आवडल्याच.

त्या एकेका यंत्रापाशी थांबत गेल्या. लेथच्या बेडवरून बोट फिरवलं, बोट स्वच्छ. शेपरखाली वाकून पाहिलं, कीस नाही. ट्रेमध्ये तेलाचा थेंब नाही. रंगाचा वास येतोय. त्यांनी विचारलं, हे शेवटचं कधी चाललं? मी म्हटलं, बुधवारी. त्या नुसत्या हसल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पुढच्या यंत्रापाशी तोच प्रश्न, तेच उत्तर, तसंच हसू. चौथ्या यंत्राला मला उमगलं की बाई काय लिहितायत. त्यांनी अशी यंत्रं पाहिली असणार. वर्ष-वर्ष बंद पडलेली, तपासणीपुरती रंगवून हार घालून उभी केलेली. एवढं स्वच्छ यंत्र चालणारं असूच शकत नाही, असं त्यांना वाटलं, आणि त्यात त्यांची काय चूक? चालणारं यंत्र घाण असतं. हे मला इतक्या वर्षांत कळलं नसेल तर मग काय कळलं होतं?

त्या म्हणाल्या, एखादं चालू करून दाखवा.

खंडेराव पुढे झाला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम, पूजा झालीय. आता परवा सकाळी." शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "देवराम, दाब बटण. मी सांगतो." सुपरवायझर मी. चौसष्ट घरांच्या चुली त्या बटणावर होत्या हे मला समजत होतं. मी एक नंबरच्या लेथपाशी गेलो, हातही वर नेला. हार चकवर, लेथच्या फिरणाऱ्या तोंडावरच, घातलेला होता, सकाळीच खंडेरावाने, डोळे मिटून. चक फिरला असता तर झेंडूच्या चिंधड्या भिंतीवर गेल्या असत्या. माझा हात खाली आला. मला त्या क्षणी माझीच चीड आली आणि तरीही बटण दाबवलं नाही. कोणी मला अडाणी म्हणायचं तर म्हणा.

मॅडम चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या की तुमची रीत मोडायला मी आले नाही, आणि यंत्र एकदा सुरू होण्याने काही सिद्धही होत नाही. बुधवारपर्यंत यावर काम झालं याचा पुरावा दाखवा. मी रजिस्टर आणायला निघालो. त्या म्हणाल्या, रजिस्टर सगळ्यांकडे असतात. त्यांनी पेनाला टोपण लावलं. शेठ खुर्ची शोधायला लागले.

तेव्हा मागच्या दाराशी उभी असलेली पुतळाबाई बोलली. पेठकडच्या डोंगरातली बाई. भात कापून झाला की मजुरीला खाली उतरणाऱ्या माणसांबरोबर एका वर्षी आली आणि राहिली. ठेकेदारामार्फत आमच्याकडे लागली त्याला अकरा वर्षं झाली होती. दिवसभर घमेलं घेऊन यंत्रांखालचा कीस उचलायचा आणि शेडमागे टाकायचा, एवढं तिचं काम. साहेबलोकांसमोर ती कधी तोंड उघडायची नाही.

ती म्हणाली, "बाई, मागं या. आमचा कीस बघा."

शेठनी तिला हाताने गप्प केलं, पण मॅडम निघाल्याच. आम्ही मागोमाग. शेडमागे पत्र्याच्या आडोशाला किसाचे ढीग होते, तेरा-चौदा, ओळीने. मी रोज पाहायचो, म्हणजे पाहत नव्हतो. भंगारवाला शहरातल्या द्वारका भागातून टेम्पो घेऊन यायचा तो पावसाळ्यात फिरकलाच नव्हता, म्हणून ढीग कमरेइतके झाले होते. खालचा थर गंजून तांबूस, वर वर चढावं तसा उजळ, आणि माथ्यावरचा अगदी चकचकीत. ज्या यंत्राचं घमेलं, त्याचा ढीग वेगळा. असं करायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. पोलाद, बीड आणि पितळ वेगळं ठेव एवढंच शेठनी कधीतरी सांगितलं असेल. बाकीची शिस्त तिची तिने लावलेली.

ती एकेक ढीग दाखवत गेली. हा शेपरचा, जाड तुकडे. हा मिलिंगचा, बारीक, नखासारखा. ह्याला हात लावू नका, बिडाचा हाय, हात काळे व्हतील. मॅडमनी ऐकून घेतलं, आणि मग मला वाटतं मुद्दाम, एका ढिगाच्या माथ्यावरून एक लांब निळसर वेटोळं उचललं आणि पाठ वळवून पुन्हा तिच्यासमोर धरलं. हे कुठलं?

"खंडेरावदादाचं," पुतळाबाई म्हणाली. "तो लय खोल कापतो, म्हून निळं येतं. आन ही रेघ बघा मधनं. बुधवारी दुपारी त्याच्या टूलचा दात पडला. तवापासून समद्या किसाला रेघ हाय. त्येच्या आधीच्याला नाय."

मॅडमनी खालचा कीस उकरून पाहिला. रेघ नव्हती. माथ्यावरच्या सगळ्या किसाला होती. मी न सांगता आत पळालो, खंडेरावाच्या खणातून ते टूल काढून आणलं. दसऱ्यानंतर घासू म्हणून त्याने तसंच ठेवलं होतं. टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा उडालेला. मॅडमनी वेटोळं आणि टूल एकमेकांना लावून बघितलं, बराच वेळ. मग प्रत्येक ढिगापाशी बसून पुतळाबाईला विचारत गेल्या, हा कधीचा, हा थर कधीचा, पुंजारामचा शेपर महिन्यात किती दिवस चालतो. आठ-दहा दिवस, ती म्हणाली. खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण सांगितलं नाही. मॅडमनी मघाचे कागद फाडले आणि नवे घेतले. मला रडू आलं, मी रंगाचा वास डोळ्यात गेला म्हणालो.

तिथेच, पत्र्याच्या आडोशाला, मॅडमनी अर्ज गुडघ्यावर ठेवला आणि मला विचारलं, "एकूण माणसं किती?"

मी म्हटलं, "चौसष्ट."

"सगळे धरून ना?"

"हो, सगळे धरून."

त्यांनी लिहिलं. मी सही केली. पुतळाबाई माझ्यापासून दोन हातांवर उभी होती, तिच्या हातात अजून ते निळं वेटोळं होतं. कोणी खोटं बोललं नाही, कोणी काही लपवलं नाही. हजेरीपटावर चौसष्टच होते. मला दुसरा आकडा सुचलाच नाही. संध्याकाळी मी घरी जाऊन वत्सलेला सगळी हकीगत रंगवून सांगितली, पुतळाबाईचं तोंडभर कौतुक केलं, आणि तेव्हाही मला काही सुचलं नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला मंजुरी आली. चौसष्ट जणांची नावं, एकही कमी नाही. पुंजाराम शेपरला मिठी मारून उभा राहिला. पत्राच्या शेवटी एक कलम होतं, की कारखान्याने स्वतःच्या इतर खर्चात कपात करावी. शेठनी ती करून टाकली. झाडकामाचा ठेका महिनाअखेर बंद. ज्याच्या यंत्राचा कीस त्याने उचलावा, अशी नोटीस साधनाने टाइप केली. पुतळाबाई ठेकेदाराची, आणि ठेकेदाराने सरळ हात वर केले.

मी शेठकडे गेलो. म्हटलं, जिने वाचवलं तिलाच काढता? त्यांचा आवाज पुन्हा बसला. ते म्हणाले, यादी बंद झालीय देवराम, सरकारला लिहून बघ. मी लिहिलं. वीस दिवसांनी मॅडमच्या ऑफिसातून उत्तर आलं, चार ओळींचं. लाभार्थींची संख्या युनिटच्या पर्यवेक्षकाने प्रत्यक्ष तपासणीवेळी दिलेल्या माहितीनुसार निश्चित केली आहे, सोबत प्रत जोडली आहे. प्रतीवर माझी सही. वळणदार आहे माझी सही, शाळेत मास्तर कौतुक करायचे.

पुन्हा लिहिता आलं असतं. मुंबईला जाता आलं असतं. शेठ म्हणाले, यादी उघडली तर सगळीच उघडेल, पुंजारामचे आठ-दहा दिवस पुन्हा वर येतील. मी शॉपमध्ये विषय काढून पाहिला. सगळे खाली मान घालून कामाला लागले. खंडेरावसुद्धा. मला त्यांचा राग आला नाही, कारण माझंही नाव त्या यादीत होतं. मी मुंबईला गेलो नाही.

पुढचं आधी सांगून टाकतो. ते वर्ष निघालं, कामही थोडं परतलं, आणि कारखाना दोन हजार तीनपर्यंत चालला. बंद झाला तेव्हा बहुतेकांची निवृत्ती जवळ आली होती, पोरं हाताशी आली होती. कोणालाही मेणबत्त्या ओताव्या लागल्या नाहीत. पुतळाबाई द्वारकेच्या त्या भंगारवाल्याकडे धातू निवडायला लागली. उन्हात बसून, रोजावर. डोळ्याने ओळखते म्हणून त्याला फार कामाची वाटायची, असं त्यानेच मला सांगितलं. मी तिकडून जाताना वाट बदलून जायचो.

पण मला सांगायचाय तो तिचा शेवटचा दिवस. एकतीस जानेवारी. ती संध्याकाळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, भाऊ, मागं चला, ढीग दाखवून ठेवते. मला कळेना कशाला. तिने प्रत्येक ढिगापाशी एक खूण करून ठेवली होती, विटकर, फुटका कप, बोल्ट. माझ्यामागून माणसं कुठंही टाकतील, तिने समजावलं, मग पुन्हा कोणी बघायला आलं तर तुमास्नी दाखवता यायचं नाय. तिने सगळे ढीग मला दोनदा म्हणून दाखवायला लावले. मी शाळेतल्यासारखे म्हणून दाखवले.

मग माझ्याने राहवलं नाही. मी म्हणालो, "पुतळाबाई, माझं चुकलं. त्या दिवशी तुमचं नाव सांगायला हवं होतं. सवयीने निघून गेलं तोंडातून."

ती खराट्याची काडी घट्ट करत होती. खराटा तिचा स्वतःचा, घरून बांधून आणलेला. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारायचं होतं तिला.

"भाऊ, दसऱ्याला हार किती आणता तुमी?"

मला सांगावंच लागलं.

"पासष्ट."

तिने मान हलवली, खराटा खांद्याला लावला आणि गेटकडे गेली. वॉचमनने रजिस्टर उघडलं नाही. तिथेही तिचं नाव नव्हतं.